केमिकलच्या मुलींची सेकंड शिफ्ट

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाइड. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात माझा अजूनही गोंधळ होतो आणि नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना ते चांगलं माहीत आहे. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘काहीतरी लिही ना’ म्हटल्यावर मी दोन आठवडे त्यांना मेसमध्येसुद्धा टाळत होते. पण या वर्षी फर्स्ट इयरच्या तीन-चार जणींनी वेगवेगळ्या वेळी येऊन मला एकच प्रश्न विचारला, “ताई, केमिकलमध्ये मुलींना स्कोप आहे का?” प्रत्येकीला जिन्यात उभं राहून तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

हाच प्रश्न ॲडमिशनच्या वेळी माझ्या आत्याने विचारला होता. फक्त तिच्या प्रश्नात उत्तरही होतं. “अगं, ॲसिड-बिसिड, रात्री-अपरात्री कारखान्यात कुठे जाणार तू? त्यापेक्षा कॉम्प्युटर घे. एसीत बसून काम.” (आत्याचा मुलगा आय.टी.त आहे आणि अमेरिकेतल्या क्लायंटमुळे रोज रात्री दोनपर्यंत जागा असतो. पण ती रात्र आत्या धरत नाही.)

मी तेव्हा हसून सोडून दिलं. मग २०२५ च्या मे महिन्यात समर ट्रेनिंगची यादी लागली. कोकणातल्या एका एम.आय.डी.सी.मधली कंपनी, आमच्या वर्गातले सात जण. पाच मुलगे, त्यांच्या नावापुढे ‘प्रॉडक्शन’. दोन मुली, आमच्या नावापुढे ‘क्यू.सी. लॅब’. मार्क बघितले तर सातात मी दुसरी होते. कंपनीच्या एच.आर.ना फोन केला. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, प्लँटला शिफ्ट असतात. मुलींना संध्याकाळी सातनंतर कायद्यानेच चालत नाही. आमच्या हातात नाही.”

कायदा म्हटल्यावर मी गप्प बसले. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला कायद्याची जेवढी भीती वाटते तेवढी थर्मोची पण वाटत नाही. लॅबला गेले.

आता तुम्ही म्हणाल, लॅब काय वाईट? अजिबात नाही. लॅबमध्ये मी मॉइश्चर काढायला शिकले, क्रोमॅटोग्राफ चालवायला शिकले, एका तासात चौदा सँपल करायला शिकले. पण केमिकल इंजिनीअरिंग म्हणजे केमिस्ट्री नव्हे, ही गोष्ट आपल्या घरच्यांना तर सोडाच, आपल्यालाही सेकंड इयर संपेपर्यंत नीट कळलेली नसते. त्यामुळे आधी तेवढं सांगते.

आपल्या मेसच्या महाराजांना विचारा. घरी चौघांची खिचडी करणं आणि इथे दोनशे जणांची करणं यात फक्त तांदळाचा फरक असता तर आपली आई पण मेस चालवू शकली असती. मोठ्या पातेल्यात खालचं करपतं तेव्हा वरचं कच्चं असतं. रिॲक्टरचंही तेच. एक लिटरचा फ्लास्क घ्या आणि त्याच आकाराचा एक हजार लिटरचा रिॲक्टर घ्या. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी दहापट झाली. आतला माल हजारपट झाला. पण बाहेरची भिंत, जिच्यातून उष्णता बाहेर जाते, ती फक्त शंभरपट झाली. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड व्हायला दहावा हिस्सा भिंत आली. फ्लास्कमध्ये जी रिॲक्शन बर्फाच्या भांड्यात गुपचूप होते, तीच मोठ्या भांड्यात नीट सांभाळली नाही तर तापत जाते, तापली की जोरात होते, जोरात झाली की आणखी तापते. हे सांभाळणं म्हणजे केमिकल इंजिनीअरिंग. केमिस्ट पदार्थ शोधून काढतो. तो टनांनी, स्वस्तात आणि कोणाला इजा न करता कसा बनवायचा, हे आपलं काम.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एका बाईंचंच आहे. मार्गारेट हचिन्सन रूसो. १९३७ मध्ये एम.आय.टी.तून केमिकल इंजिनीअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दुसरं महायुद्ध चालू होतं, पेनिसिलिनचा शोध लागून बरीच वर्षं झाली होती, पण ते मिळत होतं चिमूटभर. कारण बुरशी पृष्ठभागावर वाढायची, म्हणून ती बाटल्यांत आणि पसरट ताटांत वाढवत. हजारो बाटल्या! मग मोठ्या खोल टाकीत निर्जंतुक हवा सोडून, ढवळत, बुरशी आतल्या आत वाढवायची युक्ती निघाली. ती कागदावरची युक्ती कारखान्यात उतरवण्याच्या कामात रूसो होत्या. पेनिसिलिनच्या पहिल्या मोठ्या प्लँटचं डिझाइन त्यांच्या नावावर आहे. अमेरिकेतल्या केमिकल इंजिनीअर्सच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं १९४५ मध्ये, आणि त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. म्हणजे आधी पेनिसिलिन, मग मेंबरशिप.

असो. लॅबमध्ये मला प्लँट दिसायचा तो बाटलीतून. दर दोन तासांनी एक ऑपरेटर काका सँपलच्या बाटल्या खिडकीतून आत सरकवायचे. त्यावर बॅच नंबर आणि वेळ. रात्री सव्वाअकराचं सँपल सकाळी रजिस्टरमध्ये बघायला मिळायचं. एकदा त्यात अशुद्धी दुप्पट निघाली होती. का, ते माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला जेवताना सांगितलं, कारण तो तिथे होता. पंप बंद पडला, थंड पाणी थांबलं, तापमान चढलं, शिफ्ट इनचार्जने ॲडिशन बंद करून बॅच वाचवली. तो हे सगळं हातवारे करून सांगत होता आणि मला त्याचा इतका राग आला! त्याची काही चूक नव्हती. पण माझ्याकडे आकडा होता आणि त्याच्याकडे गोष्ट होती.

केमिकल प्लँट दुकानासारखा रात्री शटर ओढून बंद करता येत नाही. डिस्टिलेशन कॉलम चालू करून स्थिर व्हायलाच कित्येक तास जातात, मग तो दिवस-रात्र चालूच ठेवतात. बॅच सकाळी दहाला चार्ज केली तर ती कधीकधी रात्री दोनलाच संपते. ज्याने फक्त दिवसाचा प्लँट बघितला त्याने अर्धाच बघितला. आणि पुढे प्रॉडक्शन मॅनेजर करताना पहिला प्रश्न विचारतात, “शिफ्ट केली आहेस का?” म्हणजे बाविसाव्या वर्षी जो दरवाजा आपल्याला काळजीपोटी बंद केला जातो, त्याची किंमत पस्तिसाव्या वर्षी भरावी लागते.

त्या जेवणानंतर मी म्हटलं, बघू तर खरं हा कायदा काय आहे.

सहासष्टावं कलम

आपल्या लायब्ररीत दुसऱ्या मजल्यावर, जिथे फक्त झोपायला जातात, तिथे कायद्याची पुस्तकं आहेत. १९४८ चा कारखाने अधिनियम, म्हणजे फॅक्टरीज ॲक्ट, कलम ६६. त्यात खरंच लिहिलं होतं की स्त्रीला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देता येईल. राज्य सरकारला वेळ थोडी मागेपुढे करायची मुभा होती, पण रात्री १० ते पहाटे ५ अजिबात नाही. एच.आर. साहेब खोटं बोलत नव्हते, असं मला क्षणभर वाटलं.

मग खाली पोटकलम होतं. मासे खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना सूट देता येईल, कारण तिथे बायकांना जास्त वेळ थांबवलं नाही तर कच्चा माल खराब होईल! मी हे दोनदा वाचलं. म्हणजे रात्र बाईसाठी धोक्याची, पण बांगडा नासणार असेल तर चालेल. (कोकणात बसून हे वाचताना जरा जास्तच लागलं.) दुसऱ्या एका कलमात फिरत्या यंत्राला तेल-पाणी करायला मनाई, आणि ती ‘स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्ती’ला. आणखी एका कलमात धोक्याच्या प्रक्रियांमध्ये सरकारला कोणाकोणाला मनाई करता येईल, तर स्त्रिया, किशोरवयीन आणि बालकं. आपण कुठल्या रांगेत उभ्या आहोत ते बघा.

हे कायदे वाईट हेतूने झाले, असं मात्र म्हणू नये. त्यांच्यामागे गिरण्यांचा काळ आहे. १८९१ च्या कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं, यावरून त्याआधी काय चालत असेल याचा अंदाज येतो. पिळवणूक थांबवायला घातलेलं कुंपण होतं ते. पुढे कुंपणाची भिंत झाली.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. हे रात्रपाळीचं बंधन मद्रास हायकोर्टाने २००० सालीच घटनाबाह्य ठरवलं होतं. आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर, स्त्रियांना रात्रपाळीत काम करायला परवानगी दिली. २०१५! मी तेव्हा चौथीत होते. म्हणजे मला २०२५ मध्ये जो कायदा सांगितला गेला तो दहा वर्षांपूर्वी बदललेला होता. साहेब खोटं बोलत नव्हते, पण त्यांनी पुस्तक उघडून पण बरीच वर्षं झाली होती.

आता तर ते पुस्तकच बदललं. २०२० मध्ये संसदेने केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि जुना फॅक्टरीज ॲक्ट तिच्यात विलीन झाला. तिचं कलम ४३ म्हणतं की स्त्रियांना सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर नेमणूक मिळण्याचा हक्क आहे. आणि सकाळी ६ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ च्या नंतर काम करायचं असेल तर तिच्या संमतीने, आणि मालकाने सुरक्षिततेच्या अटी पाळून.

‘तिच्या संमतीने’ या दोन शब्दांकडे लक्ष द्या, मी त्यांच्यावर परत येणार आहे.

तीन ते अकरा

झेरॉक्स घेऊन मी परत एच.आर.कडे गेले (तेव्हा नवी संहिता लागू नव्हती, २०१५ ची दुरुस्ती होती). साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले की शेवटच्या दोन आठवड्यांसाठी फर्स्ट शिफ्ट देतो. मी सेकंड मागितली. दुपारी ३ ते रात्री ११. ते म्हणाले, ठीक आहे, वडिलांचं पत्र आणा.

बाबांनी रात्री बसून पत्र लिहिलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. ‘माझी मुलगी दुसऱ्या पाळीत प्रशिक्षण घेण्यास माझी हरकत नाही, जाण्यायेण्याची जबाबदारी आमची राहील.’ सही केली, तारीख घातली आणि विचारलं, “तुझी सही कुठे करायची?”

“माझी लागत नाही म्हणाले.”

बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांनी स्वतःच्या सहीखाली एक रेघ मारली, तिच्याखाली माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पहिल्या दिवशी स्टोअरमधून बॉयलर सूट मिळाला तो एल साइजचा. त्याहून लहान नव्हताच. बाह्या चार वेळा दुमडल्या. आणि दुमडलेली बाही फिरत्या शाफ्टजवळ किती वाईट, हे सेफ्टी ट्रेनिंगमध्ये त्याच सकाळी शिकवलं होतं. बूट दोन जोड मोजे घालून चालवले. मास्कचं मात्र चालवून घेता आलं नाही. हाफ मास्क घातल्यावर त्याच्या फिल्टरवर तळहात दाबून श्वास आत ओढायचा असतो. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर बरोबर बसला. माझा बसेना, हनुवटीपाशी फुस्स करून हवा येत होती. म्हणजे गळती झाली असती तर मी मास्क घालून निवांतपणे गॅस घेत उभी राहिले असते. लहान साइजचे मास्क बाजारात मिळतात, फक्त कोणीतरी मागवायला लागतात. तो यायला चार दिवस लागले आणि तोपर्यंत मला कंट्रोल रूममध्येच बसवलं. याबद्दल मी सेफ्टी ऑफिसरना मानते. दुसऱ्या कोणी ‘चालतंय हो’ म्हटलं असतं.

लेडीज टॉयलेट ॲडमिन बिल्डिंगमध्ये होतं, प्लँटपासून चालत दहा मिनिटं, आणि ॲडमिन सहाला बंद. चावी वॉचमनकडे. मी पाणी कमी प्यायला लागले आणि मेच्या उकाड्यात चौथ्या दिवशी डोकं गरगरलं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण मुलींनी ट्रेनिंगला जायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न स्टायपेंडचा नसून हा आहे, म्हणून लिहिलं.

आणि मग ते दहा दिवस! ऑपरेटर काकांनी (तेच, बाटल्या आणणारे) मला एका पंपाजवळ नेलं. “मॅडम, आवाज ऐका. खडी भरल्यासारखा येतो ना?” खरंच येत होता. आत खडी नव्हती. सक्शनला दाब कमी पडला की द्रवाचे बुडबुडे होतात आणि पुढे जाऊन ते इंपेलरवर फुटतात, त्याचा तो आवाज. कॅव्हिटेशन. मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून पाचपैकी साडेचार मिळवले होते, आणि तो समोर वाजत असताना मला ओळखू आला नव्हता. काकांचं शिक्षण आय.टी.आय. त्यांनी टाकीची लेव्हल बघितली, सक्शनचा स्ट्रेनर साफ करायला सांगितला, आवाज गेला. अर्धं सेमिस्टर एका बाजूला आणि ती दहा मिनिटं एका बाजूला.

रात्री अकराला कंपनीची बस मला मामाच्या दारात सोडायची. मामी झोपाळ्यावर बसून वाट बघत असायची. आमच्या होस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं. मुलांच्या होस्टेललाही गेट आहे, पण ते बंद झालेलं कोणी पाहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. (रेक्टर मॅडम, ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.)

बाकीचे दरवाजे

आता फर्स्ट इयरच्या मुली म्हणतील, ताई, सगळ्यांना काही प्लँटला जायचं नसतं. बरोबर. प्लँट सोडूनही खूप काही आहे, फक्त ‘मुलींसाठी बरं’ म्हणून निवडू नका, एवढंच माझं म्हणणं. कारण ज्यांना आपण सुरक्षित समजतो त्यांतली बरीच कामं प्लँट बघितल्याशिवाय नीट येत नाहीत.

डिझाइनचंच घ्या. इंजिनीअर्स इंडिया ही १९६५ मधली सरकारी कंपनी, रिफायनऱ्यांची डिझाइन करते. आय.आय.टी. कानपूरच्या केमिकल इंजिनीअर वर्तिका शुक्ला तिथे १९८८ मध्ये लागल्या आणि २०२१ मध्ये कंपनीच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. एच.पी.सी.एल., जिची रिफायनरी आपल्या मुंबईत माहुलला आहे, तिच्या प्रमुखपदी २०१४ मध्ये निशी वासुदेवा आल्या. सरकारी कंपन्यांत शिरायचं असेल तर गेटचा केमिकल पेपर द्या. काही कंपन्या गेटचा स्कोअर घेतात, काही स्वतःची परीक्षा घेतात आणि त्यात बदलही करतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात वाचायची. गेटच्या फीमध्ये मुलींना सवलत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रही केमिकलवाल्यांना घेतं, मुलाखत आणि मग वर्षभराचं ट्रेनिंग. तारापूरचं इंधनावर पुन्हा प्रक्रिया करणं काय किंवा थळचा जड पाण्याचा प्रकल्प काय, हे सगळं आपल्याच विषयातलं, पण आपण त्याला फिजिक्सवाल्यांचं समजतो.

प्रोसेस सेफ्टीबद्दल कॉलेजात फार कमी बोलतात आणि मला मात्र तेच करायचं आहे, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ लावणार. यातली मुख्य पद्धत म्हणजे हॅझॉप. इंग्लंडमधल्या आय.सी.आय. कंपनीत १९६० च्या दशकात ती सुरू झाली. चार-पाच जण ड्रॉइंग पसरून बसतात आणि प्रत्येक पाइपला ठरलेले शब्द लावून प्रश्न विचारतात. प्रवाह ‘नाही’ झाला तर? ‘जास्त’ झाला तर? ‘उलटा’ झाला तर? ‘याच्याबरोबर दुसरं काही’ आलं तर? आपल्या होस्टेलच्या गीझरला लावून बघा. पाणी ‘नाही’, आणि कॉइल चालू: कॉइल जळेल. तापमान ‘जास्त’, थर्मोस्टॅट बिघडलेला: वाफ होईल, सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, आणि तो हवा तर शेवटचा कधी तपासला? प्रवाह ‘उलटा’: गरम पाणी गच्चीवरच्या टाकीकडे जाईल, मधे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे का? मी आणि माझ्या रूममेटने हे एका रविवारी खरंच केलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रंगाने चिकटलेला सापडला. मेंटेनन्सने तो बदलून दिला, धन्यवाद.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं, सुमारे ४० टन. त्यात पाणी शिरलं. ‘याच्याबरोबर दुसरं काही’ हा प्रश्न तो हाच. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती, गॅस धुणारा स्क्रबर त्या वेळी चालू नव्हता, फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं. या कामात बारीक बघायची सवय, शंका घ्यायची सवय आणि वरिष्ठांना ‘हे चालणार नाही’ म्हणायची तयारी लागते. यातलं तिसरं आपल्याला घरी शिकवलेलं नसतं.

संशोधनाची आवड असेल तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, माटुंग्याचं आय.सी.टी. (जुन्या लोकांच्या तोंडी अजून यू.डी.सी.टी.), आय.आय.टी. आहेतच. इथे कमला सोहोनींना विसरून चालणार नाही. लेखिका दुर्गा भागवतांच्या त्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या तिथे जाऊन हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईत नीरेवर काम केलं. ते ‘परीक्षेवर’ मला फार ओळखीचं वाटतं.

आणि ज्यांना आपण चुकीच्या ब्रँचला आलो असं रोज रात्री वाटतं त्यांच्यासाठी फ्रान्सिस अरनॉल्ड. पहिली पदवी मेकॅनिकल आणि एरोस्पेसची, १९७९. मग केमिकल इंजिनीअरिंगमध्ये डॉक्टरेट, १९८५. मग एन्झाइम्सना प्रयोगशाळेतच उत्क्रांती घडवून हवं ते काम शिकवायची पद्धत, आणि २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल.

पेटंटचं क्षेत्र कमी जणींना माहीत असतं. विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी आणि वय २१ पूर्ण असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, वकिलीची पदवी लागत नाही. लिहायची आवड असेल तर छान. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेत स्त्रियांना बौद्धिक संपदेचं ट्रेनिंगही देतात, आणि लग्न-मुलांमुळे काम सुटलेल्यांना संशोधनात परत येण्यासाठी फेलोशिप आहे. आपल्या मॅडम लोकांनी हे मुलींना जरूर सांगावं, कारण सुटणार हे सगळे गृहीत धरतात, परत कसं यायचं ते कोणी सांगत नाही.

एम.बी.ए. आणि आय.टी.बद्दल मी लिहीत नाही. त्याचे क्लासवाले गेटबाहेर पत्रकं वाटतातच.

फीबद्दल मात्र एक. धाकट्या बहिणींना सांगा: २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ए.आय.सी.टी.ई.ची प्रगती शिष्यवृत्ती वेगळी, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी आणि ॲप्रेंटिसनाही लागू आहे, तेव्हा ‘तुम्ही कुठे एम्प्लॉयी’ असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

या वर्षीच्या ट्रेनिंगचे फॉर्म आले आहेत. मुलींच्या फॉर्मवर खाली ‘शिफ्टसाठी पालकांची संमती’ असा रकाना आहे, मुलांच्या फॉर्मवर नाही. मी ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांना कलम ४३ दाखवलं. ते म्हणाले, “संहिता बरोबर आहे, पण कंपनी मागते त्याचं काय करू?” मग थोडं थांबून म्हणाले, लेखी दे, मी कंपनीला पाठवतो. लेखी दिलं आहे. त्यावर आतापर्यंत अकरा जणींच्या सह्या झाल्या आहेत, त्यातल्या चार सिव्हिलच्या आहेत, कारण साइटवर त्यांचंही हेच रडगाणं आहे. सेकंड इयरच्या कोणाला सही करायची असेल तर गुरुवारपर्यंत माझ्या खोलीत या. कायद्याची झेरॉक्स टेबलावरच आहे. वाचायला न्या, पण परत आणून द्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पानाला तीन रुपये केले आहेत.